अमेरिकेचा ऱ्हास जुन्या साम्राज्यांच्या वाटेनेच होईल काय?

प्रश्न : हलशीकर (खानापूर)

हलशी आज खानापूर तालुक्यातले एक खेडे आहे, पण कदंबांच्या काळी तेथे राजधानी होती. त्यानंतर रट्ट, यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मराठे आणि इंग्रज अशा सत्ता या पट्ट्यावरून गेल्या. आमच्या वाचनालयात यावरून निघालेला वाद अमेरिकेवर येऊन ठेपला आहे. कर्ज, परदेशातील लष्करी तळ आणि घरातली दुही पाहता रोमचे झाले तेच अमेरिकेचेही होणार, असे काहींचे म्हणणे. इतरांना ही तुलनाच फसवी वाटते. जाणकारांनी कारणांसह मत द्यावे. ‘उदय तेथे अस्त’ एवढ्यावर आमचे समाधान होणार नाही.

उत्तर : जुना किल्ला (बेळगाव)

तुलना करण्यास हरकत नाही, पण ती बहुधा चुकीच्या साम्राज्याशी केली जाते. रोम काय किंवा मुघल काय, त्यांची मुख्य कमाई शेतसाऱ्याची आणि जिंकलेल्या मुलखाची होती. औरंगजेबाने 1686 मध्ये विजापूर आणि 1687 मध्ये गोवळकोंडा घेतले, तेव्हा नकाशावर मुघल सत्ता कधी नव्हे एवढी पसरलेली दिसत होती. पण मराठ्यांशी चाललेले युद्ध संपेना, नव्या मनसबदारांना द्यायला चांगल्या जहागिरी उरल्या नाहीत, आणि 1707 मध्ये बादशहा दक्षिणेतच वारला तेव्हा ते भव्य राज्य आतून पोकळ झालेले होते.

अमेरिका अशा वसुलीवर जगत नाही. तिचे बळ उत्पादनात, तंत्रज्ञानात आणि त्याहूनही अधिक जगभर मानल्या जाणाऱ्या तिच्या चलनात आहे. म्हणून मला ब्रिटनचे उदाहरण जवळचे वाटते. उत्पादनात अमेरिकेने ब्रिटनला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मागे टाकले, तरी पौंडाचा दरारा त्यानंतरही कित्येक दशके टिकला. दोन महायुद्धांनी तिजोरी रिकामी केली, 1947 मध्ये भारत हातचा गेला, आणि 1956 मध्ये सुएझ कालव्यासाठी उतरवलेले सैन्य ब्रिटनला मागे घ्यावे लागले. रणांगणावर ते हरले नव्हते. घसरत्या पौंडाला टेकू देण्यास अमेरिकेने नकार दिला होता. एवढे होऊनही लंडन ओस पडले नाही. महासत्तापद जाणे आणि देश बुडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि रोमचे नाव काढले की लोक नेमकी त्यांचीच गल्लत करतात.

उत्तर : भट्टी (उद्यमबाग)

सरांनी चलनाचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा आमच्या फाउंड्रीतील काही ऑर्डरी अडकल्या. परदेशातील दुसरी गिऱ्हाइके शोधणे आम्ही तेव्हाच सुरू केले. पण त्यांनाही दर डॉलरमध्येच हवे होते. अमेरिकेवर चिडलेला माणूससुद्धा बिल डॉलरमध्ये काढतो, तोवर तिचा अस्त झाला असे मी तरी म्हणणार नाही.

उत्तर : वेदगंगा (निपाणी)

आदरपूर्वक मतभेद नोंदवते. रोमला एवढ्या सहजपणे बाजूला सारता येणार नाही. ऑगस्टसच्या काळी जवळपास शुद्ध चांदीचे असलेले रोमन नाणे तिसऱ्या शतकात इतके हिणकस झाले की, चलनात असलेल्या मुख्य नाण्यात शेवटी पाच टक्केही चांदी उरली नाही. डॉलरचा सोन्याशी असलेला दुवा 15 ऑगस्ट 1971 रोजी तोडला गेला. अमेरिकेचे कर्ज स्वतःच्याच चलनात आहे, त्यामुळे स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने 1557, 1575 आणि 1596 मध्ये काढली तशी उघड दिवाळखोरी तिला काढावी लागणार नाही. फिलिपला सावकारांचे देणे चांदीत फेडायचे होते, आणि वसाहतींतून येणारी चांदीही युद्धांपुढे अपुरी पडे. अमेरिका देणे फेडील, पण हलक्या झालेल्या डॉलरमध्ये, आणि तो मार्ग रोमचाच आहे.

आकडेही बोलके आहेत. 2024 या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या केंद्र सरकारचा व्याजावरील खर्च संरक्षणखर्चाच्याही पुढे गेला. मे 2025 मध्ये मूडीज या पतमापन संस्थेने तिचा सर्वोच्च पतदर्जा काढून घेतला. अन्य दोन मोठ्या संस्थांनी तो आधीच काढला होता. जगातील देशांनी राखून ठेवलेल्या परकीय चलनाच्या गंगाजळीतील डॉलरचा वाटा शतकाच्या आरंभी सुमारे 70 टक्के होता, तो आता 60 च्या खाली आहे. मात्र ब्रिटनच्या वेळी जागा घ्यायला डॉलर तयार होता, तसे आज कोणी तयार नाही. चीनचे युआन त्या देशाबाहेर मोकळेपणाने नेता-आणता येत नाही, आणि युरोला एक सरकार नाही.

प्रश्नकर्ता : हलशीकर

दोघांचेही आभार. पण हे सारे हळूहळू होणारे दिसते. विजयनगरसारखा एका दिवसाचा घात संभवत नाही काय?

उत्तर : जुना किल्ला (बेळगाव)

ताईंचा नाण्याचा मुद्दा मोलाचा आहे. विजयनगरविषयी सांगायचे तर 23 जानेवारी 1565 रोजी तालिकोटच्या लढाईत विजयनगरची सत्ता हाती असलेला रामराया मारला गेला आणि राजधानी लुटली गेली, हे खरे. पण राज्य पुढे पेनुकोंडा व चंद्रगिरी येथून सुमारे 80 वर्षे चालले. म्हणजे तेथेही दिवस एक आणि उतरण दीर्घ होती. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या देशाच्या राजधानीची अशी लूट होण्याची शक्यता मला दिसत नाही.

मात्र त्या लढाईमागचे राजकारण आपल्या वादाला लागू पडते. रामरायाने बरीच वर्षे एका सुलतानाला हाताशी धरून दुसऱ्याला नमवले. आज मित्र असलेल्याला उद्या अपमान सोसावा लागे, आणि अखेर आपसांत वैर असलेले विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर एकत्र आले. तेव्हा कर्जाचे आकडे जरूर पाहावेत, पण त्याआधी जपान, जर्मनी आणि दक्षिण कोरिया हे अमेरिकेचे मित्रदेश आपल्या संरक्षणाची निराळी सोय करू लागले आहेत का, हे मी पाहीन.