नागरिकशास्त्राच्या तासाला वर्गात ग्रामसभा भरवावी का?

खाडीकाठ (धागाकर्ता):
दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुणांचा एकच पेपर. 73वी घटनादुरुस्ती पंचायत राजची, हे मुलं पाठ करतात. पण स्वतःच्या गावच्या ग्रामसभेची नोटीस हातात दिली तर तिच्यात काय चुकलंय ते सांगता येत नाही. माझं म्हणणं असं की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांनी आठवी-नववीत वर्षातून चार वेळा वर्गातच ग्रामसभा भरवावी, खऱ्या नियमांनी. सात दिवस आधी फळ्यावर नोटीस. विषयपत्रिकेत पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मुलांनीच काढायचा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा. म्हणजे 500 मतदारांच्या गावात 75, 1200 च्या गावात 100. ठरावाला सूचक-अनुमोदक हवेत, आणि विरोधात किती हात वर झाले तेही लिहायचं. बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं. यात एक नियम शाळेने आपला घालावा: आधीच्या वक्त्याचं म्हणणं, ‘होय, मी हेच म्हणालो’ असं तो कबूल करील इतक्या नीट मांडल्याशिवाय ते खोडायचं नाही. मुलांना सगळ्यात जड हेच जातं, म्हणून जास्त वेळ यालाच द्यावा.

सड्यावरचा:
माझा विरोध आहे. कोकणात कोरम भरत नाही तो नियम ठाऊक नाहीत म्हणून नव्हे. यादीत नाव गावचं, माणूस मुंबईत. गाव भरतं गणपतीत नि शिमग्याला. ग्रामसभा बहुधा लागते 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला. सभा तहकूब होते, तहकूब सभेला कोरम लागत नाही, आणि वीस माणसं साऱ्या गावाचं ठरवून जातात. शिवाय पुष्कळ गावांत खरा निर्णय आधीच वाडीच्या बैठकीत झालेला असतो. गावकीच्या, म्हणजे गावातल्या पारंपरिक पंचांच्या, शब्दाबाहेर गेलं तर घर वाळीत पडेल ही भीती असताना दोन मिनिटांच्या शिस्तीने कोणाचं तोंड उघडणार? सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आधी तो शिकवा. नुसत्या ठरावाने काय होतं ते महाडने दाखवलंय. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 ला झाला, नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केलं, तरी आंबेडकरांच्या सत्याग्रहात पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. कोर्टातला निकाल तर थेट 1937 चा.

खाडीकाठ:
महाडचा दाखला माझ्या बाजूचा आहे. ठराव कागदावर होता म्हणूनच ‘हा आमचा मान्य झालेला हक्क आहे’ असं म्हणता आलं. लिहिलेलंच नसतं तर बोट कशावर ठेवलं असतं? बहिष्काराचा कायदा शिकवायलाच हवा, त्यावर वाद नाही.

रापण:
विषय कुठले घ्यायचे, यावर दोघेही बोलला नाहीत. सगळं तिथेच बिघडतं. किनाऱ्यावरच्या शाळेत रापणवाल्याचा (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याचा) आणि पर्ससीनवाल्याचा (यांत्रिक बोटीने मोठं जाळं घेरणाऱ्याचा) मुलगा एकाच बाकावर असतो. पहिल्याच सभेला एलईडी मासेमारी (प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून पकडणं) घेतलीत, तर मुलं घरचं भांडण वर्गात आणतील आणि वर्गातलं बंदरावर नेतील. पहिली सभा शाळेच्या पाण्यावर घ्या, दुसरी वाडीतल्या कचऱ्यावर, तिसरी दुसऱ्या तालुक्यातल्या चिरेखाणीवर. मासेमारी चौथीला. बाजू चिठ्ठी टाकून ठरवा आणि अर्ध्या वेळानंतर उलटवा. बोलणं मालवणीत होऊ दे. इतिवृत्त प्रमाण मराठीत लिहिलं की झालं. शब्द अडला म्हणून गप्प बसणारी मुलं कमी नाहीत.

सड्यावरचा:
मालवणीचं पटलं. चिठ्ठीचं अजिबात नाही. ज्याच्या घरची चूल त्या माशावर पेटते त्याला विरुद्ध बाजू मांडायला लावणं म्हणजे तुझं खरं मत महत्त्वाचं नाही असं सांगणं. समोरच्याचं नीट ऐकायला लावा. त्याची वकिली करायला लावू नका.

ऐनवेळचे विषय:
सभा कुठे पोखरली जाते ते शिकवा. सुरुवातीलाच हजेरीवर सह्या होतात. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ असतं, त्याखाली जागा कोरी ठेवली जाते आणि ठराव मागाहून लिहिला जातो. सही आधीच झालेली, त्यामुळे पुढे तक्रार टिकत नाही. मुलांना सवय लावा: प्रत्येक ठराव लिहून झाला की जागेवरच वाचून दाखवायला सांगायचं. नंतर माहिती अधिकारात प्रत मागायची. शुल्क 10 रुपये, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज फेटाळला जाऊ नये म्हणून ‘गैरव्यवहाराची माहिती द्या’ असं मोघम न लिहिता सभेची तारीख आणि ठराव क्रमांक घालायचा.
हीच सवय प्रकल्पांच्या जनसुनावणीत उपयोगी पडते. पर्यावरण मंजुरीबद्दलच्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे तिला किमान 30 दिवसांची नोटीस लागते, पण कोरम लागत नाही. शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांच्या भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. लोक घोषणा देऊन मधेच उठून जातात आणि नेमकं तेच वाचन चुकतं. मग हरकत नोंदली की नाही, हे बघायला कोणी उरत नाही.

सड्यावरचा:
वाचून घेण्याचा मुद्दा मान्य. पण चाकरमान्यांचं काय?

खाडीकाठ:
गावच्या ग्रामसभेला वर्षाला चार ही किमान संख्या आहे, जादा सभेला मनाई नाही. नववीच्या मुलांनी सरपंचांना अर्ज लिहावा: पाचवी सभा गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला, मुंबईच्या गाड्या सुटायच्या आधी. नोटीस सात दिवस आधी लागायला हवी, म्हणजे अर्ज श्रावणातच गेला पाहिजे.