प्रार्थनेतून उठल्यावर काय करावं लागलं? तुमचे अनुभव लिहा

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. प्रार्थनेवर मंडळीत पुष्कळ बोलणं होतं. पण प्रार्थनेनंतर प्रभूची आज्ञा पाळताना जे जड गेलं, ते सहसा कुणी सांगत नाही. तोच प्रसंग लिहा. साक्षीसारखा सजवू नका, झाला तसा लिहा.

राहुरीहून :
आमचा आणि चुलत्यांचा बांध एकच. नांगरटीत त्यांनी बांध कोरला म्हणून मी मोजणीचा अर्ज केला आणि बोलणं बंद झालं. चर्चमध्ये ते डाव्या बाकावर, आम्ही उजव्या. प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ ही ओळ आली की माझे ओठ मिटायचे. बायकोच्या लक्षात आलं होतं, पण ती बोलली नाही. पहाटे गुडघे टेकून मी पाऊस मागायचो, मुलाला नोकरी मागायचो. बांधाचं नाव काढायचो नाही. मग एकदा बायबलच्या वाचनात मत्तय 5:23-24 आलं : अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर. त्याच संध्याकाळी गेलो. चुलते गोठ्यात धार काढत होते. म्हटलं, “तात्या, अर्ज मागे घेतो. चुकलं माझं.” त्यांनी वर पाहिलं नाही. चरवी भरेपर्यंत मी उभाच. मग म्हणाले, “बस. चहा घेऊन जा.” बांध अजून वाकडाच आहे.

वसईहून :
राहुरीच्या भावांचं वाचून डोळे भरले. आमच्याकडे रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. रोझरीच्या मध्येच त्यांनी हाक मारली की मला राग यायचा, प्रार्थना मोडली म्हणून. एकदा पाचव्या रहस्याला, म्हणजे माळेच्या शेवटच्या भागाला, हाक आली. उठले, चादर बदलली, पाठ पुसून दिली आणि उरलेली प्रार्थना त्यांच्या उशाशी बसून म्हटली. त्याही पुटपुटत होत्या. तेव्हापासून रोझरी त्यांच्याच खोलीत.

एक परिचारिका :
रात्रपाळीत एका पेशंटचं 2 वाजताचं इंजेक्शन राहिलं, आणि चार्टवर मी सही करून बसले होते. पहाटे प्रार्थनेला शब्दच येईनात. उठून इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. मेमो मिळाला. पेशंट सुखरूप घरी गेला, त्याबद्दल देवाचे आभार.

पुण्याहून :
लिहू की नको, असं झालं होतं. मुलीसाठी आम्ही 11 महिने उपास-प्रार्थना केली. ती गेली. “विश्वास कमी पडला,” असंही ऐकलं. कृपा करून कुणाला असं म्हणू नका. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं होतं, आणि तो टळला नाही. नंतर केडगावला पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये गेलो. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. 1922 मध्ये त्याही गेल्या. तिथे बराच वेळ बसून राहिलो.
मला मोठं काही जमत नाही. शनिवारी चर्चची साफसफाई आम्ही बापलेक करायचो, ती पुन्हा सुरू केली आहे. मी झाडायचो, ती बाक पुसायची. आता दोन्ही मीच करतो.