निरोप आधीच सांगावा

परदेशातल्या शाळेत वर्षभर शिकवून परतताना मुलांना ते कधी सांगावं? ‘शेवटच्या दिवशी सांगून निघावं, म्हणजे रडारड होत नाही’ असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. परदेशी शिकवायला आलेली बाई वर्षभराने जाणार हे मोठ्यांना ठाऊक असतं, मुलांच्या ते ध्यानीमनीही नसतं. निदान दोन-तीन आठवडे आधी वर्गात सांगा. माझ्या वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत टेबलापाशी यायची. बोलायची काहीच नाही, फळा तेवढा पुसून द्यायची. मी अचानक निघाले असते तर तिचं तेही राहून गेलं असतं.

खात्री नसेल तर ‘पुन्हा येईन’ म्हणू नका, मुलं खरंच वाट बघतात. नव्या शिक्षकासाठी कोण कुठे अडतं ते लिहून ठेवा. (आणि अनुभवाचं प्रमाणपत्र तारखांसकट निघण्याआधीच हातात घ्या, नंतर नुसते ईमेल पाठवत बसावं लागतं.)