भूचुंबकीय पल्सेशन: कंपन, दोलन की स्पंदन?

प्रश्न: भूचुंबकीय पल्सेशनला (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या लाटांसारख्या छोट्या चढउतारांना) मराठीत 'कंपन' म्हणावे का? आणि पीसी (Pc, continuous) व पीआय (Pi, irregular) या त्यांच्या दोन प्रकारांतल्या 'सी'साठी 'अखंड' चालेल?

उत्तर १: कंपन नको. 'भू' आणि 'कंपन' शेजारी आले की वाचक भूकंपाकडे वळतो. इथे जमीन हलत नाही, चुंबकीय क्षेत्र हलते, आणि तेही किती? जमिनीवर मूळ क्षेत्र २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक); त्यावर पीसी-३ चा (पुढचा आकडा दोलनकालाचा गट सांगतो) आयाम, म्हणजे लाटेची उंची, जेमतेम एखादा नॅनोटेस्ला. पीसी-५ मात्र चुंबकीय वादळात शेकड्यांत जाते. माझे मत 'स्पंदन'ला.

'अखंड' तर दिशाभूलच करतो. पीसी दिवसभर चालू राहते असा त्याचा अर्थ नाही. लाटेमागून सारखी लाट येते, एवढाच. 'सलग स्पंदन' म्हणा. पीआय ते 'अनियमित स्पंदन'.

उत्तर २: 'दोलन' चूक नाही, पण त्यात लंबकाची नियमितता येते. पीआय-२ (४० ते १५० सेकंद) काही हेलकाव्यांत विरते. स्पंदनात दोन्ही मावतात. दोलन हा शब्द 'दोलनकाल'साठी (एका लाटेला लागणारा वेळ) राखावा: पीसी-३ चा १० ते ४५ सेकंद, पीसी-५ चा १५० ते ६००.

आलेखाखाली 'स्पंदन' लिहिण्याआधी विदा (मोजलेल्या नोंदी) तपासा. मिनिटाला एकच नोंद असेल तर दोन मिनिटांपेक्षा कमी दोलनकाल त्यात उमटतच नाही. उलट, आधी वेगवान चढउतार काढणारी गाळणी लावली नसेल तर पीसी-३ खोट्या, संथ लाटेच्या रूपात दिसते. पीसी-३ साठी सेकंदाला एक नोंद हवी.

प्रश्न: मग याच चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या इलेक्ट्रॉनसारख्या कणांसाठी 'ऊर्जावान कणांची स्पंदने' चालेल?

उत्तर १: कणांच्या गतीला नाही. कणाच्या तीन गती आहेत आणि तिन्हींना घरचे शब्द आहेत. क्षेत्ररेषेभोवती गिरकी, दोन गोलार्धांमधली येरझार, पृथ्वीभोवती प्रदक्षिणा. भूस्थिर कक्षेच्या अंतरावर १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची गिरकी सुमारे मिलिसेकंदाची, येरझार सेकंदाच्या आतली, प्रदक्षिणा साधारण १० मिनिटांची, पूर्वेकडे. हीच प्रदक्षिणा पीसी-५ शी जुळते. लाटेचे विद्युतक्षेत्र दर फेरीत त्याच कलेत (लाटेच्या त्याच टप्प्यावर) भेटले, तर काही इलेक्ट्रॉन ऊर्जा मिळवत जातात, काही गमावतात.

उत्तर २: या जुळण्याला (resonance) 'अनुनाद' रूढ आहे, पण इथे नाद कुठला? 'अनुस्पंदन' जास्त नेमका. उपग्रहावर मोजलेला कणांचा ओघ त्याच दोलनकालाने कमीजास्त होताना दिसला, तर 'ओघातील स्पंदन' जरूर लिहा. तिथे स्पंदते ती मोजणी, कण नव्हे.