सेरेब्रल पाल्सी: पाणी पिताना ठसका, जेवायला तास-तास. भरवण्यात काय बदलावं?

तीळगूळ:
मुलगा ४ वर्षांचा, स्पास्टिक क्वाड्रिप्लेजिया (दोन्ही हात, दोन्ही पाय ताठर). वजन १०.५ किलो, गेले आठ महिने तेवढंच आहे. मान थोडा वेळ धरतो, आधाराशिवाय बसत नाही. सध्या मांडीवर आडवं घेऊन भरवतो. एका जेवणाला तास-सव्वा तास लागतो. वरणात कुस्करलेली पोळी निम्मी बाहेर येते, पाणी प्यायला की ठसका लागतो, आणि स्टीलचा चमचा तोंडात गेला की दातांत घट्ट धरून ठेवतो, सोडतच नाही. सगळं मिक्सरमधून काढून द्यावं का? पाण्याचं काय करावं? आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, थेरपिस्ट महिन्यातून एकदाच भेटतात.

कवडसा:
ताई, मिक्सर नंतर, आधी बसणं बदला. आडवं घेतलं की मान मागे पडते, हनुवटी वर जाते, आणि गिळायची क्रिया सुरू व्हायच्या आतच पातळ पदार्थ श्वासनलिकेकडे घरंगळतो. ठसक्याचं मोठं कारण बहुतेकदा इथेच असतं.

लहान मुलांची हात असलेली खुर्ची घ्या आणि खोलीच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींना टेकवून ठेवा, म्हणजे अंग ताठ केलं तरी उलटणार नाही. कंबर पार मागे टेकलेली हवी. पुढे घसरत असेल तर बैठकीच्या पुढच्या बाजूला, मांड्यांखाली, टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघे कंबरेपेक्षा जरासे वर आले की घसरणं थांबतं आणि अंगाचा ताठरपणाही उतरतो. पट्टा किंवा जुनी ओढणी जांघेच्या घडीवरून खाली-मागे ओढून बांधा. पोटावरून बांधलीत तर पोट दाबलं जातं आणि मूल खालून सरकतं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील तर गुडघ्यांमध्ये छोटी उशी. पाय लोंबकळू द्यायचे नाहीत, तळवे पूर्ण टेकतील असा पाट खाली द्या. पाय अधांतरी असले की त्याची सगळी ताकद अंग सावरण्यात जाते, तोंडासाठी उरत नाही.

भरवणाऱ्यानं त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडं खाली बसायचं. उभं राहून भरवलं की तो वर बघतो आणि हनुवटी पुन्हा उचलली जाते. चमचाही समोरून, खालच्या बाजूनं आणा. हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली हवी, पण हातानं दाबून नाही.

आणखी एक: कुकर लावलेला असताना भरवू नका. शिट्टी झाली की ही मुलं दचकून एकदम ताठ होतात, आणि त्या क्षणी घास तोंडात असेल तर धोका असतो. मिक्सर, दारावरची बेल, फोन यांचंही तसंच.

पिंपळपान:
चमच्याबद्दल लिहिते. तो हट्टानं धरून ठेवत नाही. हिरड्यांना किंवा दातांना काही लागलं की जबडा आपोआप मिटतो, तो प्रतिक्षेप आहे. ओढाल तितका जबडा आवळेल आणि दातही दुखावतील. चमचा आहे तिथेच स्थिर धरा, मान जराशी पुढे झुकवा, शांत राहा. दोन-चार सेकंदांत सुटतो.

चहाचा स्टीलचा चमचा खोल असतो. वरच्या ओठाला त्यातला घास काढता येत नाही, मग आपण तो वरच्या दातांवर निपटून काढतो. तेच टाळायचं आहे. उथळ, जवळपास सपाट, सिलिकॉनचा चमचा घ्या. पातळ कडक प्लॅस्टिकचा नको, चावून तुकडा पडतो. घास अर्ध्या चमच्याहून कमी. चमचा जिभेच्या मधल्या भागावर ठेवा, खाली हलकासा दाब द्या आणि वरचा ओठ खाली यायची वाट बघा. ओठ मिटला की चमचा सरळ बाहेर काढा, वर उचलून नाही. चमचा जिभेच्या टोकावर ठेवला तर जीभ घास बाहेर ढकलते. तुमचं निम्मं जेवण असंच बाहेर येत असावं.

जबडा मिटत नसेल तर समोर बसून अंगठा खालच्या ओठाच्या खाली हनुवटीवर, तर्जनी जबड्याच्या कडेनं आणि मधलं बोट हनुवटीखाली धरा. मधल्या बोटानं आधार द्यायचा, दाबायचं नाही. ही पकड थेरपिस्टकडून एकदा स्वतःच्या जबड्यावर करून घ्या. किती जोर लावायचा ते लिहून कळत नाही.

नाचणी:
आता दाटपणा. वरणात कुस्करलेली पोळी किंवा दुधात भिजवलेली बिस्किटं म्हणजे एका घासात दोन पदार्थ. पातळ पुढे पळतं, तुकडे मागे राहतात, आणि गिळणं दोन्हींना एकदम सांभाळू शकत नाही. कलिंगड, संत्रं, मोसंबीही त्यातलीच, चावलं की रस सुटतो. चुरमुरे, कोरडे पोहे, अख्खे शेंगदाणे, द्राक्षं पूर्ण बंद.

सगळं मिक्सरमधून काढायची घाई नको. पाणी घालून फिरवलं की पिठलंही नाही आणि पेजही नाही असं काहीतरी होतं, वर पोषण पातळ होतं ते वेगळंच. मऊ भात आणि घट्ट वरण गरम असतानाच तूप घालून रवीनं घोटा. चमचा तिरपा केल्यावर सगळं एका गोळ्यात घसरलं पाहिजे. ओघळलं तर पातळ, चिकटून राहिलं तर टाळूला चिकटणार. भात गार झाला की दाटतो, म्हणून मधेच चमचाभर गरम वरण घालून पुन्हा घोटावं लागतं.

पाणी: २०० मिली पाण्यात नाचणीचं सत्त्व चहाचा १ सपाट चमचा, आधी गार पाण्यात कालवून मग शिजवा. तपासायचं ते कोमट झाल्यावर, कारण गार होताना आणखी दाट होतं. सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्या, ० ते १० खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी आहे ना ते पट्टीनं बघा. दट्ट्या काढून, तोंड बोटानं बंद करून १० पर्यंत भरा. बोट १० सेकंद काढा आणि पुन्हा लावा. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर ते साध्या पाण्यासारखंच. १ ते ४ उरलं तर दाटपणाची पहिली पातळी, ४ ते ८ उरलं तर दुसरी. कुठली हवी ते थेरपिस्टना विचारा, पण घरी रोज तेच माप जमायला हवं.

इथे हमखास चूक होते: उष्टा चमचा पुन्हा त्याच वाटीत. लाळेतला अमायलेज हा पाचक घटक सत्त्वातला स्टार्च मोडतो आणि दाट केलेलं पाणी थोड्या वेळात पुन्हा पातळ होतं. दोन वाट्या ठेवा. मोठ्या वाटीतून कोरड्या चमच्यानं लहान वाटीत थोडं थोडं घ्यायचं.

पेल्याला नाकापाशी अर्धचंद्राकार खाच पाडली की मान मागे न करता पिता येतं. मऊ प्लॅस्टिकचा पेला कात्रीनं कापा आणि कड पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा. पिताना खाच नाकाकडे राहते, ओठ समोरच्या अख्ख्या कडेला.

दाट केलं की पाणी कमी जातं, तेही मोजा. १०.५ किलोला साधारण १०२५ मिली रोज, जेवणातलं पाणी धरून (पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्याला ५०). लघवी गडद किंवा शौचाला खडा होत असेल तर कमी पडतंय. बद्धकोष्ठ असलं की भूकही मरते.

वजनासाठी घासांची संख्या नाही, घासाचा कस वाढवा. चहाचा १ चमचा तूप सुमारे ४५ कॅलरी देतं. जेवण ३० मिनिटांत थांबवा. त्यापुढे थकवा येतो आणि ठसके वाढतात. उरलेलं दोन तासांनी, दिवसातून ५-६ वेळा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

उंबरठा:
ठसका न लागताही अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. गिळल्यावर आवाज ओला, घुरघुरता येणं, डोळ्यांत पाणी, घशात सतत खरखर, वारंवार ताप-न्यूमोनिया यांपैकी काही असेल तर घरचे प्रयोग थांबवून गिळण्याची एक्स-रे तपासणी (व्हिडिओफ्लुरोस्कोपी) करून घ्या. जाताना स्वतःचा चमचा, पेला आणि घरचं अन्न न्या. बाळाच्या बसण्याचा फोटोही दाखवा. जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र (डीईआयसी) पुढे पाठवू शकतं. मुंबईला जाणं होत असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था (वाचा-श्रवणदोषांसाठीची) आणि हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था या दोन्हींकडे चौकशी करा. आठ महिने वजन थांबलंय, त्यामुळे डॉक्टरांना ते आधी सांगा.

झटक्यांसाठी क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपाम चालू आहे का? त्यानं लाळ वाढते, सुस्ती येते. स्वतःहून बदलू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

घास अडकला आणि जोरात खोकतोय, तर खोकू द्या. तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून पाठीवर खांद्यांच्या मधे ५ थापा, नाही निघालं तर पोटावर ५ दाब. १०८ ला लगेच दुसऱ्या कुणीतरी फोन करायचा.

तीळगूळ:
खूप आभार. सासूबाई दुपारी भरवतात, त्यांना आडवंच जमतं. "सगळी बाळं अशीच वाढली, बोंडल्यानं पाजली" म्हणतात.

कवडसा:
समजावत बसू नका. त्यांना मान पार मागे टाकून एक घोट पाणी गिळायला सांगा, मग हनुवटी खाली घेऊन एक. फरक घशालाच कळतो. आणि दुपारचं जेवण एकदम त्यांच्यावर सोपवू नका. पहिला आठवडा खुर्ची, पाट, ओढणी तुम्ही लावून द्या, त्यांनी फक्त समोर बसून चमचा धरायचा. खुर्चीची आणि पाटाची जागा फरशीवर खडूनं आखून ठेवा, म्हणजे केर काढल्यावरही तिथेच लागेल.