व्हेनिस: दिवस दोन, खिसा बेताचा. तुमचे अनुभव लिहा

भाचा पुढच्या महिन्यात व्हेनिसला चाललाय. दोन दिवस, आणि पैसे मोजून. "मावशी, तू जाऊन आलीयेस ना, सांग," म्हणाला. मी उत्तर लिहायला बसले आणि वाटलं, माझ्या एकटीच्या चुका सांगून त्याचं काय भागणार? म्हणून हा धागा. राहिलात कुठे, पैसे कुठे वाचले, कुठे नाहक गेले ते लिहा. 'स्वप्ननगरी' वगैरे नको, ते फोटोंत दिसतंच.

माझ्यापासून सुरुवात. सासूबाई (वय ७२) आणि मी. राहिलो मेस्त्रेत, म्हणजे खाडीपुलाच्या अलीकडे, जमिनीवर. खोली जवळजवळ निम्म्या दरात मिळाली. मेस्त्रेहून सांता लुचिया स्टेशन लोकलने दहा-बारा मिनिटं, तिकीट दीड युरोच्या आसपास. स्टेशनाबाहेर पायऱ्या उतरलो की समोर थेट ग्रँड कॅनॉल. सासूबाई थबकल्याच. "अगं, रस्ता कुठंय?"

पैसे गेले ते बोटीत. व्हापोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यावरची सिटी बस. सुटं तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं चालतं. "लागेल तसं काढू" असं म्हणत पहिल्याच दिवशी दोघींनी तीन-तीन तिकिटं काढली, म्हणजे ५७ युरो. चोवीस तासांचा पास २५ चा आहे, पन्नासात भागलं असतं. हे गणित रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

———

मेस्त्रेला माझा साफ विरोध. संध्याकाळी दिवसभराची गर्दी ओसरते आणि गाव तुमचं होतं, नेमकं तेव्हाच मेस्त्रेवाले घड्याळ बघत स्टेशनाकडे पळतात.

मी विद्यार्थी असताना जानेवारीत गेलो होतो. जुदेक्का बेटावर हॉस्टेलमध्ये एक कॉट. सान मार्को या मुख्य चौकाच्या समोरच, पण मध्ये पाणी, म्हणून बोटीचा पास हवाच. भाचा तिशीच्या आत असेल तर त्याला सांगा: रोलिंग व्हेनिस कार्ड ६ युरो, ते दाखवलं की तीन दिवसांचा पास ४५ ऐवजी २७ ला. वयाची अट ६ ते २९. आणि चढण्याआधी धक्क्यावरच्या मशीनला पास टेकवून 'बीप' ऐकायचा. पास खिशात असूनही दंड भरलेला माणूस माझ्या खोलीत होता.

जेवण उभ्याउभ्या. छोट्या दारूच्या गुत्त्याला तिथे बाकारो म्हणतात. काचेच्या कपाटात पावाच्या चकत्यांवर काहीबाही मांडलेलं असतं, ते चिकेत्ती. दोन-तीन युरोला एक. चार खाल्ले की जेवण. टेबलावर बसलात की बिल वाढलंच म्हणून समजा. पाणी विकत घेऊ नका, चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

शाकाहारी मंडळींना एक इशारा. पावावर पांढरंशुभ्र, लोण्यासारखं काहीतरी दिसेल. माझ्या शाकाहारी मित्राने चीज समजून दोन संपवले, तिसऱ्याला विचारलं हे कसलं चीज. ते बाकाला मान्तेकातो होतं, घोटलेला सुकवलेला कॉड मासा. बिचारा दिवसभर कुणाशी बोलला नाही.

———

आम्ही उभयता ग्रुप टूरने. चार तास व्हेनिस, त्यातला एक तास रांगेत. त्यामुळे राहण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पण गोंडोलाबद्दल आहे.

टूरवाल्याने गोंडोलाचे माणशी तीस युरो वेगळे घेतले. बोटीत पाच जण बसवले, म्हणजे दीडशे. परत आल्यावर मुलाने दाखवलं: ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, आणि तोही अख्ख्या बोटीचा, माणशी नव्हे. संध्याकाळी सातनंतर ११०. पाच अनोळखी प्रवाशांनी धक्क्यावर जमून बोट केली असती तर माणशी अठरा पडले असते. हे मला आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून मी इथे सांगतोय.

———

@उभयता, काका, गोंडोलात दोन युरोत बसता येतं! ट्रागेत्तो. ग्रँड कॅनॉलवर पूल मोजून चार, त्यामुळे मधल्या ठिकाणी माणसांना ऐलतीरावरून पैलतीरावर नेतात. बोट तशीच, फक्त गाद्या-नक्षी नाही. रिआल्तोच्या मासळीबाजारासमोर सांता सोफियाहून घ्या. दोन-तीन मिनिटांत पार.

———

लेकीला बाबागाडीत घालून गेले होते. करू नका. चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. अकराव्या पुलावर (हो, मोजत होते) पुढचं चाक निखळलं. ते घरंगळत पाण्याच्या कडेला जाऊन थांबलं आणि एका आजोबांनी ते काठीने अडवलं. पुढे लेक माझ्या कडेवर आणि गाडी नवऱ्याच्या डोक्यावर.

पत्ता शोधणं हा स्वतंत्र विषय. घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नाहीत, अख्ख्या पेठेला सलग. अशा सहा पेठा. म्हणजे कास्तेल्लो पेठेत चार आकडी नंबर आणि शेजारच्या दाराला भलताच. मोबाईलचा नकाशाही अरुंद बोळात गोंधळतो. भिंतीवरच्या पिवळ्या पाट्या बघा, 'पेर रिआल्तो', 'पेर सान मार्को'. त्या बाणांनी आम्हाला तारलं.

आम्ही राहिलो पादोवाला, ट्रेनने अर्धा-पाऊण तास. दिवसापुरतं येणाऱ्यांना २०२४ पासून ठराविक दिवशी प्रवेश शुल्क लागतं. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते: आधी काढलं तर पाच, ऐनवेळी दहा. चौदाच्या आतल्यांना माफ. पण ते सकाळी साडेआठ ते दुपारी चारपर्यंतच! आम्ही सव्वाचारला पोचलो, रात्री दहाच्या गाडीने परतलो. शून्य युरो, शिवाय ऊन उतरलेलं. गावात मुक्काम असेल तर शुल्क नाही, पण सूट ऑनलाइन नोंदवावी लागते.

———

नोव्हेंबर २०१९. खोली अगदीच स्वस्त मिळाली तेव्हाच शंका यायला हवी होती. १२ तारखेला रात्री भोंगा झाला. तिथे भोंग्याचे सूर चढत जातात, जितके जास्त तितकं पाणी वर. त्या रात्री भरती १८७ सेंटीमीटर. १९६६ च्या १९४ नंतरचं सर्वांत मोठं.

सकाळी खाली आलो तर घरमालक विटांवर फ्रीज चढवत होते. मी हात लावला, त्यांनी न बोलता कॉफी दिली. रस्त्यावर नारिंगी प्लास्टिकचे गुडघ्यापर्यंतचे पायमोजे विकत होते. घेतले, अर्ध्या तासात तळ फाटला. थंडगार पाणी घोट्यापर्यंत, आणि आत आलेलं बाहेरही जात नाही. त्यापेक्षा चपला बऱ्या होत्या.

आता समुद्राच्या तोंडाशी मोझे नावाचे पूर अडवणारे दरवाजे ऑक्टोबर २०२० पासून उचलले जातात, तसा पूर आता सहसा येत नाही. तरी नोव्हेंबरात भाच्याला जास्तीचे मोजे न्यायला सांगा.

———

छोटीशी भर. सान मार्कोच्या घंटाघराच्या रांगेत उभं राहू नका. समोरच्या बेटावर सान जॉर्जो माज्जोरेचं घंटाघर आहे, तिकीट कमी, गर्दी कमी, आणि तिथून सान मार्कोच दिसतं. चौकात पायऱ्यांवर बसून डबा खाऊ नका. आमचे थेपले अर्धे उघडले होते, शिपाई आला. दंड वाचला, थेपले बोटीवर खाल्ले. महिन्याच्या पहिल्या रविवारी अकादेमियाचं कलादालन फुकट.

———

धागाकर्ती परत. सगळ्यांचे आभार. भाच्याने वाचून पहिली रात्र आत, दुसरी मेस्त्रेत असं ठरवलंय. विमान पहाटेचं, ते गाठायला मेस्त्रे बरं पडतं. रोलिंग व्हेनिसलाही तो बसतो, सत्तावीस वर्षांचा आहे.

सासूबाईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ट्रागेत्तोपाशी थांबवलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी आम्हीही त्यातून पलीकडे गेलो होतो, मी वर लिहायचं विसरले. नावाड्याने त्यांना बसायची खूण केली होती, माझा हात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. "ते लिही," म्हणाल्या. "उभी राहून गेले म्हणावं."