जास्त उंदीर सापडले म्हणजे अधिवास चांगला, असे म्हणता येईल का?

गवतपाते (प्रश्न):
गवताळ आणि झुडपी अशा दोन पट्ट्यांत मी प्रत्येकी ७ × ७ सापळे १० मीटर अंतराने मांडले असून दर महिन्याला सलग ३ रात्री पकड करतो. झुडपांत दर वेळी बरेच जास्त उंदीर सापडतात, परंतु कानात बिल्ला लावलेले उंदीर पुढच्या महिन्यात तिथे क्वचितच दिसतात. गवतात मात्र उंदीर थोडे असले तरी तेच ते पुन्हा सापडतात. झुडपी अधिवास चांगला, पण तिथे मृत्यूचे प्रमाण अधिक, असा निष्कर्ष काढावा का?

बिळवाट:
मृत्यूचा निष्कर्ष तरी लगेच काढू नये. कॉरमॅक-जॉली-सेबर पद्धतीने (खूण केलेले प्राणी पुन्हा किती सापडतात यावरून हिशेब करणारी पद्धत) मिळणारा जगण्याचा दर हा भासमान असतो, कारण मेलेला उंदीर आणि कायमचा निघून गेलेला उंदीर या गणिताला सारखेच दिसतात. समजा, महिनाभर जगण्याची शक्यता ०.८ आहे आणि जगलेल्यांनी तिथेच राहण्याची ०.५, तर आपल्या हाती ०.४ एवढाच आकडा येतो. शिवाय तुमच्या ४९ सापळ्यांपैकी २४ अगदी कडेला आहेत. ज्यांचा वावर मुख्यतः बाहेरच आहे, असे उंदीरही त्यांत अडकत असणार. मांडणीबाहेर थोड्या अंतरावर आणखी सापळे लावावेत, किंवा शक्य असल्यास काही उंदरांना रेडिओ पट्टे बसवावेत.

रानमोजणी:
बिळवाट यांच्याशी सहमत आहे, मात्र 'चांगला अधिवास' या शब्दांवर माझा आक्षेप अधिक आहे. घनता, म्हणजे ठरावीक जागेतली प्राण्यांची संख्या, हे अधिवासाच्या दर्जाचे फसवे माप ठरू शकते, हे परिस्थितीशास्त्रज्ञ व्हॅन हॉर्न यांनी १९८३ मध्येच मांडले होते: प्रबळ प्रौढ चांगली जागा अडवून बसतात, हुसकावलेली तरुण पिढी दुय्यम जागेत गर्दी करते आणि मोजणाऱ्याला तीच जागा भरभराटीची वाटते. क्रेब्ज व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये कुंपणात ठेवलेल्या व्होल या उंदीरवर्गीय प्राण्यांची संख्या बाहेरच्यांपेक्षा खूपच वाढली होती, म्हणजे पांगण्याची वाट बंद झाली की आकडे कसे बदलतात ते दिसते. तुमच्या झुडपांतल्या उंदरांचे वजन किती, आणि माद्यांपैकी गाभण किंवा दूध पाजणाऱ्या किती?

चिचुंद्री:
दोन्ही पट्ट्यांत पकड एकाच रात्री होते का? लख्ख चांदण्यात अनेक निशाचर उंदीर उघड्यावर यायचे टाळतात, त्यामुळे गवतातली पकड पौर्णिमेजवळ असेल तर तुलनाच बिघडते. आणखी एक, थोडे विषयाबाहेरचे: सापळ्यात कापूस व पुरेसे खाद्य ठेवून काही तासांनी फेरी मारत जा. चिचुंद्र्या उपाशीपोटी फार वेळ तग धरत नाहीत, आणि सापळ्यातला मृत्यू अधिवासाच्या खात्यावर टाकता येत नाही.

गवतपाते:
नोंदवही पाहिली. झुडपांतले बहुतेक उंदीर कमी वजनाचे, म्हणजे बहुधा तरुण आहेत आणि दूध पाजणाऱ्या माद्या जवळजवळ सगळ्या गवतात सापडल्या आहेत. दोन्ही पट्ट्यांच्या रात्री मात्र वेगवेगळ्या होत्या, त्या पुढच्या महिन्यापासून एकच ठेवतो आणि दोहोंच्या मधल्या भागातही सापळ्यांची एक ओळ लावतो.